आयती भाजलेली

अमोल : हा फोटो नको म्हणतेस? ताई, एवढ्या एकाच फोटोत मोठीआय हसतेय. नंतरच्या सगळ्या फोटोंत तोंडावर पदर आहे.

ऋतुजा : म्हणूनच नको. हा पहिल्या वर्षीच्या एकतीस मेचा आहे. देवळासमोरच्या मांडवातला.

अमोल : तोच तर पाहिजे. वर मोठ्या अक्षरात ‘तंबाखूची होळी, वर्ष तिसरे’, खाली हा फोटो, आणि ‘कै. सीताबाई यांच्या स्मरणार्थ’. कंपनीत सेफ्टीच्या साहेबांना दाखवलं मी. ते म्हणाले, असं घरचं माणूस असलं की लोकांच्या मनाला लागतं. धाटावच्या कंपनीतून दोघे येणार आहेत होळीला.

जनीकाकी : चा घे गो ऋतू आधी. रोह्यापास्नं येस्तवर घसा सुकला असंल. ह्याचा बॅनर काय पळून जात नाय.

ऋतुजा : एकच कप आणलास? तुझा कुठे?

जनीकाकी : मी मगाशी घेतला.

अमोल : कधी? सकाळपासून तुझ्या हातात कप बघितला नाही मी.

जनीकाकी : तू उठलास कवा आन बगितलंस कवा? नाइट करून आला की बारा वाजेस्तवर घोरतोस.

ऋतुजा : अमोल, होळीला नऊ दिवस आहेत. बॅनर छापायला टाकलास का?

अमोल : नाही. तुला विचारल्याशिवाय कसा टाकेन? आई तुझी आहे.

ऋतुजा : होळी झाल्यावर काय आहे?

अमोल : पाडवा. पाडव्याला गुढीखाली संकल्पपत्र भरून घ्यायचं घरटी एक. मग सात एप्रिल, आरोग्य दिन, शाळेत प्रभातफेरी. एकतीस मे, तंबाखूविरोधी दिन, तो तर आपला मोठा दिवस, शिबीर, मुंबईचे डॉक्टर. गणपतीत मंडळाच्या मांडवात पाटी. दोन ऑक्टोबर. चार फेब्रुवारीला, कर्करोग दिनाला, यंदा रॅली काढली, तुला फोटो पाठवले होते. वर्षातला एक दिवस सोडलेला नाही.

जनीकाकी : आन हा पन सोडतो दर दिवसाला. एक जानेवारीला सोडली, संक्रांतीला धरली. चार फेब्रुवारीला परत सोडली.

अमोल : आई, नाइटला मशीनसमोर डोळे मिटतात. आणि आता एक महिना झाला, हात लावलेला नाही.

जनीकाकी : मंग परवा प्यांट धुताना खिशात पुडी गावली ती देवळातल्या मारुतीची असंल.

अमोल : बरं, माझं सोड. ताई, मी असं ठरवलंय. फोटोला हार तू घालायचास आणि पाच मिनिटं बोलायचंस. होळीत पहिला नारळ आई देईल, मोठीआयची जाऊ म्हणून.

जनीकाकी : मी नाय देनार.

अमोल : का?

जनीकाकी : पाय दुकतात.

अमोल : गेल्या वर्षी गुलाब घ्यायला स्टेजवर चढलीस तेव्हा दुखत नव्हते. ते बघ भिंतीवर, फ्रेम करून लावलंय. ‘मशेरीमुक्त महिला’. जनाबाई, नाव पण छापलंय.

जनीकाकी : तू नाव घातलंस यादीत. मला इचारलं व्हतंस?

अमोल : विचारायचं काय त्यात? सरपंचांच्या बायकोपासून सगळ्यांची नावं घातली. घरटी एक तरी बाई मशेरीमुक्त पाहिजे होती, तेव्हा कुठे गावाला पाटी मिळाली. ‘तंबाखूमुक्त गाव’. हायवेवरून वळलं की दिसते.

ऋतुजा : मी पण बोलणार नाही, अमोल.

अमोल : ताई, तू नाही बोललीस तर कोण बोलणार? सुरू तू केलंस हे. शाळेला पत्रक आलं म्हणून रोह्याच्या शाळेत मुलांकडून घोषणा म्हणून घेऊन गप्प बसली असतीस. तू म्हणालीस, माझ्या गावात करूया, सणाला करूया, सणाला सांगितलेलं लोक ऐकतात. पहिल्या वर्षीची होळी आठवते तुला?

ऋतुजा : आठवते.

अमोल : पोरांनी पानटपरीवरनं पुड्यांच्या माळा काढून आणल्या. म्हाताऱ्यांनी कनवटीच्या चंच्या टाकल्या. आणि काळुरामशेठनी काय केलं? दुकानातलं तंबाखूच्या पानांचं अख्खं बोचकं डोक्यावर घेऊन आले आणि दिलं होळीत टाकून. काय टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला बोचक्याचा.

जनीकाकी : मोटा दानशूर काळुराम. भादव्यातल्या उधानाला खाडीचं पानी दुकानात घुसलं व्हतं, त्यात भिजलेली पानं ती. इकली जाईनात म्हनून आनली जाळायला.

अमोल : भिजलेली का असेनात. जळाली ना?

जनीकाकी : नाय.

अमोल : काय नाय?

जनीकाकी : नाय जळाली.

ऋतुजा : म्हणजे काय, काकी?

जनीकाकी : काय नाय. चा निवला तुजा. दे, गरम करून आनते.

ऋतुजा : बस, काकी. चहा राहू दे. जळाली नाही म्हणजे काय?

जनीकाकी : आता त्याचं काय गो. ती गेली.

ऋतुजा : म्हणूनच विचारते.

जनीकाकी : बोचकं आतनं ओलं. वरनं गोनपाट शिवलेलं. वरचं वर जळलं आन मदलं नुसतं भाजलं. धुळवडीच्या सकाळी आमी बाया घमेली घेऊन गेलो निखारे आनायला, आंगोळीचं पानी तापवायला. दर वर्षी जातो तशाच. तुज्या आयच्या उलथन्याला लागलं ते बोचकं. उकललं तं आत काळी कुळकुळीत पानं. बोटात चुरली का पीठ. तुला मायती हाय, मशेरी भाजायला तवा ठेवला का अख्खं घर खोकतं, डोळं चुरचुरतात, शेजारची बोंबलते. ही आयती भाजलेली.

अमोल : आणि ती तुम्ही घरी आणली.

जनीकाकी : तिघींनी वाटून घेतली. मी, तुजी मोठीआय, आन शेजारची गिरजाबाय.

अमोल : तंबाखूच्या होळीतली?

जनीकाकी : वरडू नको. जरा खारट लागायची, एवढंच. मिठागरावर जल्म गेला आमचा, आमाला मिठाचं काय.

ऋतुजा : पण आईने सोडली होती, काकी. एक जानेवारीला. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं तिनं.

जनीकाकी : सोडलीच व्हती गो. खोटं नाय बोलली ती तुला. दोन म्हयनं बोट नाय लावलं. सकाळी हितं पडवीत माज्यासंगती बसायची, मी लावायची आन ती तोंडात बडीशोप घेऊन खाडीकडं बगत बसायची. माज्याकडं बगायची पन नाय. तीस वर्सं आमी दोगी हितं बसून मशेरी लावली. सासू वरडायची तवा पन हितंच, रडायचं असलं तं ते पन हितंच. मशेरी लावताना कोन काम सांगत नाय बाईला. तेवढाच येळ आपला.

ऋतुजा : मग त्या दिवशी काय झालं?

जनीकाकी : बोचकं उकललं. मी म्हनलं, बाय, तू नको घेऊस, तू पोरीला शब्द दिलास. तं ती मनाली, जने, तंबाखू ती का? तंबाखू काल जळाली, ऋतूनं सगळ्यांसमोर जाळली. ही होळीमायची राख. आन आंगारा लावतात तसं बोट बुडवलं, कपाळाला लावलं आन तेच बोट दातावर फिरवलं. मंग हसली. मी पन हसले.

अमोल : तुम्ही हसलात.

जनीकाकी : व्हय. तवा हसायचंच वाटलं.

ऋतुजा : किती दिवस पुरली?

जनीकाकी : तिची श्रावनापरयंत. मंग सवय लागली ती लागली. माज्या तव्यावर भाजायची. तू येनार असलीस का दोन दिवस आदी बंद, घरात उदबत्त्या.

अमोल : पण मग एकतीस मे? त्या मांडवात मोठीआयला स्टेजवर बोलावलं. ताई, तूच बोलावलंस. म्हणालीस, दुसऱ्यांना सांगायच्या आधी मी माझ्या आईला सांगितलं, आणि तिनं ऐकलं. लोक उभे राहिले टाळ्या वाजवत.

ऋतुजा : मी काय म्हणाले ते मला माहीत आहे.

अमोल : मी आठवण करून देत नाही गं. मला कळत नाही एवढंच. त्याच मांडवात मागे तपासणी चालू होती. तोंड तपासत होते सगळ्यांचं.

ऋतुजा : सगळ्यांचं नाही. रांग मोठी होती, डॉक्टर एकटेच होते. फॉर्मवर तंबाखू ‘हो’ असेल त्यांनाच आत पाठवायचं ठरलं होतं. फॉर्म भरायला मी बसले होते.

अमोल : मोठीआयचा?

ऋतुजा : मीच भरला. नाव, वय, गाव. तंबाखू, गुटखा, मशेरी. मी विचारलंसुद्धा नाही. ‘नाही’वर खूण केली आणि सहीला पेन तिच्या हातात दिलं. तेव्हा बोट दिसलं मला. नखाच्या कडेला काळं होतं.

जनीकाकी : ऋतू.

ऋतुजा : मी मनात म्हटलं, चुलीचं असेल. घरात गॅस येऊन सहा वर्षं झाली होती.

जनीकाकी : जाऊ दे गो बाय. ती नायच दाखवनार व्हती तोंड.

ऋतुजा : म्हणजे तेव्हा काही होतं?

जनीकाकी : गव्हाच्या दान्याएवढं. डाव्या गालात आतनं. मला दाखवलं व्हतं तिनं, त्याच्या आदल्या आठवड्यात.

ऋतुजा : आणि तू मला सांगितलं नाहीस.

जनीकाकी : मी म्हनलं तिला, ऋतूला सांगू. मनाली, सांगू, शिबीर होऊ दे. शिबीर झालं. तुजं ते भाशान झालं. घरी आल्यावर मनाली, जने, आता कसं सांगू? पोरीनं एवढ्या मान्सांसमोर माजं नाव घेतलं. आता मी तोंड उघडलं तं लोक तिला हसतील, मास्तरीनबाय गावाला शिकवते आन घरात आयचं तोंड सडलंय. गनपती होऊ दे, मंग बगू. गनपती झालं. मंग नवरात्र. उपास धरला व्हता, तं कमी खाल्लेलं कोनाला कळलं नाय. दसऱ्याला भाकरी पान्यात बुडवून खायला लागली, तवा मीच तुला फोन केला. एवढंच केलं मी. उशिरा केलं.

ऋतुजा : तू केलास म्हणून तरी मुंबईला नेलं आम्ही.

जनीकाकी : निम्मा जबडा काडला तिचा, आन वरीसभर तशीच जगली. त्यापरीस...

ऋतुजा : काकी, पुरे.

अमोल : दे तो फोटो, ताई. मोबाइल दे. ...ओठ मिटलेत गं हिचे. इतके दिवस मी म्हणतोय हसतेय, हसतेय. ओठ घट्ट मिटलेत.

ऋतुजा : हो.

अमोल : नाही छापत. डिलीट करू का?

ऋतुजा : डिलीट नको करू. छापू नको.

अमोल : आणि होळी? तंबाखू टाकायची का नाही?

ऋतुजा : टाकलीत तर कोणी घरी जायच्या आधी पाणी ओतून विझवावी लागेल.

जनीकाकी : होळीवर पानी? गाव मारंल तुमाला. मेल्यावर ओततात पानी.

ऋतुजा : मग टाकू नका. तिच्यात लाकडं टाका.

अमोल : साहेबांना काय सांगू?

ऋतुजा : काकीनं सांगितलं तेच सांग. नाव नको घेऊ कोणाचं, पण तेच सांग. पुढच्या गावात तरी बोचकं टाकणार नाहीत.

जनीकाकी : मला नाय देनार ना नारळ द्यायला? मंग झालं. त्या जागेवर उभं ऱ्हायला नको वाटत व्हतं मला. बाकी काय नाय.

ऋतुजा : बाकी काही नाही?

जनीकाकी : नाय.

ऋतुजा : चहा का घेत नाहीस, काकी?

जनीकाकी : घेतला म्हनलं ना.

ऋतुजा : मी आले तेव्हा आधण ठेवलंस. पातेल्यात एकाच कपाचा चहा होता.

जनीकाकी : दात हलतोय. गरम लागतं.

ऋतुजा : कुठला दात?

जनीकाकी : हा, मागला. म्हातारी झाले मी, दात हलनार नाय तं काय.

अमोल : आई, परवा मच्छीचं कालवण पण तू खाल्लं नाहीस. म्हणालीस, मंगळवार आहे. मंगळवार नव्हता.

जनीकाकी : तुला वार कळायला लागलं कवापास्नं?

ऋतुजा : तोंड उघड, काकी.

जनीकाकी : फारम भरतेस काय माजा पन?

ऋतुजा : नाही. पेन नाही माझ्याकडे. उघड.

जनीकाकी : ह्याच्यासमोर नको.

अमोल : मी तुझा मुलगा आहे.

जनीकाकी : म्हनूनच नको. तू यादी करतोस.

अमोल : नाही करत, आई. आईशप्पथ नाही करत.

(जनीकाकी पदर बाजूला करते आणि उजेडाकडे तोंड वळवते. अमोल मोबाइलचा टॉर्च लावतो.)

ऋतुजा : जीभ वर कर. अजून थोडी. आता उजवीकडचा गाल. मी बोट लावते हं, दुखलं तर हात धर माझा. ...बंद कर.

अमोल : काय आहे? ताई? मला पांढरं दिसलं काहीतरी.

ऋतुजा : केव्हापासून आहे हे?

जनीकाकी : तुज्या आयच्या दहाव्यापास्नं. त्या दिवशी जेवन तिखट लागलं. म्हनलं, रडून रडून तोंड आलं असंल.

अमोल : पाच महिने? आई, पाच महिने तू... आणि मी रॅली काढत होतो गावातनं.

जनीकाकी : मी बगितली रॅली. हितनंच गेली. तू पुढं व्हतास झेंडा घेऊन. बरा दिसत व्हतास.

अमोल : मला का नाही सांगितलंस?

जनीकाकी : काय सांगू? भिंतीवर फ्रेम लावलीस. गावाला पाटी लावलीस. माज्या एका तोंडापायी पाटी काडायला लागली असती. तुज्या बापानं नाव नाय कमावलं, तू जरा कमावतोस.

ऋतुजा : अजून लावतेस?

जनीकाकी : थांब, चा गरम करून आनते.

ऋतुजा : काकी, मी रागवत नाही. रागवायचा हक्क नाही मला. अजून लावतेस का?

जनीकाकी : सकाळची एकदा. हितं एकटी बसते तवा. तुज्या आयची डबी हाय माज्याकडं. मुंबईला नेताना गाडीत बसायच्या आदी माज्या हातात कोंबली. तवा बोलता येत व्हतं तिला. मनाली, ऋतूला गावू देऊ नको. ती संपली का मी तिच्यातच नवी भरते. डबी रिकामी बगवत नाय.

ऋतुजा : कुठे आहे?

जनीकाकी : तांदळाच्या पिपात. खंगाळून देऊ का तुला? नेतेस?

ऋतुजा : धुऊ नको. आहे तशी दे.

जनीकाकी : काय करशील? जाळशील?

ऋतुजा : जाळणार नाही. डॉक्टरांना दाखवीन. ही लावते, एवढी लावते, इतकी वर्षं, असं सांगेन. आणि फॉर्म मीच भरीन. तंबाखू विचारतील तिथे ‘हो’ लिहीन.

जनीकाकी : आन पाटी?

अमोल : मरू दे पाटी, आई.

जनीकाकी : असं नको बोलू. कष्टानं मिळवलीस.

ऋतुजा : पेणला आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ. ते बघतील, लागलं तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. सुई देऊन काढतात, कळत नाही. नंतर काय ते नंतर. आईचं दाण्याएवढं होतं तेव्हा कोणी बघितलं नाही. तुझं आज मी बघितलंय.

जनीकाकी : त्या वक्ताला तिचं दान्याएवढं व्हतं, तसंच हाय का माजं?

ऋतुजा : मला माहीत नाही, काकी. मी डॉक्टर नाही. आईचं मी बघितलं तेव्हा ते दाण्याएवढं राहिलं नव्हतं.

जनीकाकी : खरं बोललीस. बरं वाटलं.

अमोल : उद्या माझी फर्स्ट शिफ्ट आहे. फोन करून सांगतो, येत नाही म्हणून. गाडी मी चालवतो.

जनीकाकी : उद्या कशाला रे? शिमगा तोंडावर आला. पुरनाची डाळ भरायची हाय, घर सारवायचं हाय. शिमगा होऊ दे. पाडव्याला संकल्प का काय ते करते, त्या दिवसापास्नं बोट पन नाय लावनार. आन एकतीस मेला डाक्टर गावातच येतो. तवा पहिला नंबर माजा लावा, जाहीर लावा, मी नाय लाजनार.

ऋतुजा : नाही, काकी.

जनीकाकी : अगो, नऊ दिवसांनी काय व्हतंय?

ऋतुजा : आई पण एवढंच म्हणत होती ना तुला?

जनीकाकी : लुगडं कुठलं नेसू? चांगलं धुतलेलं एकच हाय, ते सनाला ठेवलंय.

ऋतुजा : तेच नेस.

जनीकाकी : उद्या काय हाय गो?

ऋतुजा : काही नाही, काकी. उद्या नुसता बुधवार आहे.